'एनएसई 33 च्या वर म्हणजे माणूस गेला', असं कोणी ठरवलं?

आमच्या मावसबहिणीचे मिस्टर सध्या सोलापुरातल्या एका आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. अक्कलकोट रोडला कामावर असताना कोसळले. सोबतच्यांनी छाती दाबत ठेवली, हॉस्पिटलात शॉक दिल्यावर हृदय चालू झालं, पण शुद्ध आली नाही. अशा वेळी कुणा शहाण्याने ताईला तो मेसेज पाठवला. तुमच्याही ग्रुपवर आलाच असेल: "हृदय बंद पडून चालू झालेल्या पेशंटची एनएसई ही रक्ताची टेस्ट 24 तासांत करा. 33 च्या वर आली तर मेंदू मेला. नॉर्मल आली तर पेशंट शंभर टक्के उठतो. ट्रोपोनिन वाढलं तरी मेंदू गेला समजा. हॉस्पिटलवाले ही टेस्ट लपवतात आणि मेलेल्या माणसाचं बिल लावतात." ताई म्हणाली, "अरे, तू लॅबमध्ये आहेस ना, करून घे टेस्ट. जास्त आली तर डामा करून घरी नेतो." डामा म्हणजे सही करून, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध. डोकं फिरलं माझं.

आधी 33 चं बघू. एनएसई म्हणजे मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं एक एन्झाइम. आकडा हवेतून आलेला नाही, हे मान्य. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या 2006 च्या मार्गदर्शनात तो होता. पुढे शरीराचं तापमान उतरवून उपचार व्हायला लागले, तेव्हा 33 ओलांडूनही शुद्धीवर आलेली माणसं निघाली. युरोपियन रिससिटेशन कौन्सिल आणि तिथल्या इंटेन्सिव्ह केअरच्या संस्थेने 2021 मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत 60 आहे, तेही 48 किंवा 72 तासांच्या रक्ताला. 24 तासांच्या आकड्यावर माणूस निकालात काढायला त्यांत सांगितलेलं नाही. आणि 60 सुद्धा एकट्याने चालत नाही. 72 तास उलटलेले हवेत, पेशंट तरीही बेशुद्ध हवा, गुंगीच्या औषधांचा अंमल उतरलेला हवा. मग डोळ्यांच्या बाहुल्या आणि बुबुळाची प्रतिक्रिया, मनगटाच्या नसेला करंट देऊन मेंदूपर्यंत सिग्नल पोचतो का ती तपासणी, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), सततचे झटके, सीटी किंवा एमआरआय आणि एनएसई, यांतल्या किमान दोन गोष्टी वाईट आल्या तर 'सुधारणा होण्याची शक्यता फार कमी' म्हणायचं. आमच्या दाजींचं मिडाझोलम हे गुंगीचं औषध अजून चालू आहे. किडनी नीट चालत नसेल तर ते बंद केल्यावरही अंमल रेंगाळतो.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. एनएसई फक्त मेंदूच्या पेशींत नसते, रक्तातल्या तांबड्या पेशींत आणि प्लेटलेट्समध्येही असते. बारीक सुईतून जोरात रक्त ओढलं, ट्यूब घुसळली, सेंट्रिफ्यूजला, म्हणजे रक्त गरगर फिरवायच्या मशीनला, लावायला उशीर केला की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली एनएसई सीरममध्ये, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहणाऱ्या पाण्यासारख्या भागात, उतरते. ट्यूब बाहेर काढल्यावर वरचं सीरम पिवळसर, स्वच्छ दिसायला हवं. हेमोलाइज झालेलं, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेलं सॅम्पल गुलाबी दिसतं, फारच बिघडलेलं असेल तर कोकम सरबतासारखं. पोटॅशियमसाठी असं सॅम्पल आलं तर आम्ही वॉर्डाला फोन करतो, "परत काढा." एनएसईचं सॅम्पल आमच्याकडून बाहेरगावी जातं. सोलापूरच्या मे महिन्यात सीरम वेगळं न करता ट्यूब तशीच पाठवली तर येणारा आकडा कुणाच्या मेंदूचा म्हणायचा? त्यात आणखी मेख आहे. हृदयाला आधार द्यायला एक्मो मशीन किंवा बलून पंप लावलेला असेल तर तांबड्या पेशी शरीरातच फुटतात. फुटलेलं हिमोग्लोबिन काही तासांत निघून जातं, एनएसई निम्मी व्हायला मात्र साधारण एक दिवस लागतो. म्हणजे सीरम स्वच्छ दिसूनही आकडा फुगलेला असू शकतो. काही कॅन्सरमध्येही ती वाढते. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही.

आणि समजा ताईने आकडा बघून दाजींना घरी नेलं. नळी काढल्यावर माणूस बहुधा जाणारच. मग तोच मेसेजवाला म्हणेल, "बघा, टेस्ट खरी ठरली." अभ्यास करणाऱ्यांनाही हीच भीती असते, म्हणून चांगल्या अभ्यासांत उपचार थांबवायचा निर्णय कधी, कशावरून घेतला हे नोंदवतात.

नॉर्मल म्हणजे शंभर टक्के उठणार? आकडा कमी असणं, 48 तासांनंतर उतरत जाणं ही चांगली खूण आहे. हमी नाही. इन्फेक्शन, किडनी, पुन्हा हृदय, काहीही आडवं येऊ शकतं. ट्रोपोनिनचं तर काय बोलायचं, ते हृदयाच्या स्नायूचं आहे.

रक्तावरून मेंदूचा अंदाज येतो, एवढं मात्र खरं. न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन एनएसईपेक्षा सरस ठरल्याचं 2019 मध्ये एका मोठ्या अभ्यासातल्या पेशंटांच्या रक्तावरून दिसलं. पण तीही आधाराचीच तपासणी.

राहिलं 'मेलेल्या माणसाचं बिल'. ब्रेन डेड ठरवायची पद्धत 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आहे: चार डॉक्टरांचं पॅनेल, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, व्हेंटिलेटर काढून श्वास येतो का ते बघणं. त्यात एनएसई कुठेच नाही, तर लपवायचं काय? बिलं अवाच्या सवा येतात, हे मी नाकारत नाही, आमच्याच घरात सध्या सोनं मोडायची भाषा चालू आहे. त्यासाठी रोजचा हिशोब लेखी मागा. हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर केस बसते का ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, विचारा. तो तिथेच, खाली काउंटरपाशी असतो.