खुलासा : बागेतल्या जमिनीतली भोकं आणि रॉकेलचा मेसेज

'बागेत पेन्सिलीएवढी भोकं दिसली तर खाली विषारी गांधीलमाश्यांची वसाहत आहे, त्या झुंडीने हल्ला करतात, लगेच रॉकेल ओता' असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातली भीती खरी असली तरी माहिती चुकीची आहे.

अशी सुटी भोकं बहुधा एकट्या राहणाऱ्या, बीळ खोदणाऱ्या गांधीलमाश्यांची असतात. प्रत्येक मादी स्वतःचं बीळ खोदते. राखायला वसाहत नसते, म्हणून ती अंगावर धावून येत नाही. पकडली किंवा पायाखाली आली तरच डसते. नराला तर नांगीच नसते.

आमच्या कुंडीशेजारी एक निळी-हिरवी, धातूसारखी चमकणारी माशी मी अर्धा तास पाहिली. तिने रातकिड्याला डंख मारून लुळं केलं, मिशीला धरून ओढत बिळात नेलं. त्याच्यावर ती अंडं घालते आणि अळी तोच किडा खाऊन वाढते. दोऱ्यासारख्या कंबरेच्या काही जाती अळ्या पकडतात, म्हणजे आपल्या भाज्यांवरच्याच. रॉकेलाने मात्र गांडुळंही मरतात.

सावधगिरी एकाच बाबतीत हवी. एकाच भोकातून पोटावर पिवळा पट्टा असलेल्या मोठ्या तपकिरी माश्या सतत ये-जा करत असतील, तर ती खरंच वसाहत असते. तिथून लांब राहा, मुलांना जाऊ देऊ नका, जाणकाराला बोलवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.