कोऱ्या पाटीचा राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेत निवडणूक आली की पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मुलगा न्यू जर्सीत, सून तिकडेच नोकरीला, त्यामुळे तिकडच्या मतदानाची चर्चा इकडे कर्वेनगरात आणि बाणेरमध्येही रंगते. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अनुभव म्हणजे जुन्या व्यवस्थेचं ओझं. लिंकनच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष बुकॅनन अनुभवी होता, त्याने देश फोडला. लिंकन, केनेडी, ओबामा कोऱ्या पाटीचे होते, त्यांनी इतिहास घडवला. बदल हवा असेल तर अनुभव बघू नका, बाकीचं सहकारी बघून घेतात. आणि तळाला पुणेरी शेपूट: ‘आपल्या सोसायटीच्या अध्यक्षालाही हेच लागू.’

‘बुकॅनन अनुभवी होता, तरी बुडवलं’

हे मान्य. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद; तिच्या खालच्या सभागृहात, हाऊसमध्ये, दहा वर्षं, मग वरचं सभागृह सेनेट, परराष्ट्रमंत्री, रशियात आणि ब्रिटनमध्ये राजदूत. इतकी पदं भोगून फार थोडे लोक त्या खुर्चीत बसले असतील. १८६०-६१ च्या हिवाळ्यात दक्षिणेतली सात राज्यं फुटली तेव्हा याचं मत काय, तर फुटणं बेकायदा आहे, पण ते थांबवायचा अधिकार केंद्राला नाही! नुसती वर्षं मोजू नयेत, इतकं यातून नक्की निघतं. अनुभव नसलेलाच बरा, हे मात्र निघत नाही.

‘लिंकन कोरा होता’

इलिनॉयच्या विधिमंडळात आठ वर्षं आणि हाऊसमध्ये एक मुदत, म्हणजे अगदी कोराही नाही. पण कारभाराचा अनुभव नव्हता हे खरं, आणि त्याची किंमत पहिल्याच महिन्यात मोजावी लागली.

१ एप्रिल १८६१ ला परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी पुढे केलेल्या कागदांवर लिंकन यांनी नीट न वाचता सह्या केल्या. त्यात ‘पाउहॅटन’ ही युद्धनौका फ्लोरिडातल्या फोर्ट पिकन्सकडे धाडायचा हुकूम होता. नौदलमंत्री वेल्स यांनी तीच नौका बंडखोरांनी वेढलेल्या फोर्ट सम्टर किल्ल्याच्या मोहिमेसाठी नेमलेली. म्हणजे एक जहाज आणि दोन हुकूम. घोळ लक्षात आल्यावर लिंकन यांनी नौका सम्टरच्या मोहिमेला परत द्यायला सांगितलं आणि सेवर्ड यांनी तार केली, पण तारेखाली नाव स्वतःचं घातलं. नौकेवरच्या लेफ्टनंट पोर्टरचं उत्तर सरळ होतं: माझ्या हातातला हुकूम राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा आहे. तो पिकन्सकडे निघून गेला. वरच्या सहीचा हुकूम खालच्या सहीने फिरत नाही, हे तहसील कचेरीतल्या कोणत्याही कारकुनाने सांगितलं असतं.

लिंकन पुढे मोठे झाले, कारण ते शिकले. आणि मंत्रिमंडळात त्यांनी सेवर्ड आणि चेस घेतले होते, दोघेही माजी गव्हर्नर आणि माजी सेनेटर. पाटी कोरी ठेवायची हौस खुद्द लिंकन यांना नव्हती.

‘केनेडीही नवखे होते’

वय ४३, म्हणून तसं वाटतं. काँग्रेसमध्ये त्यांची चौदा वर्षं झाली होती. त्यांच्याकडे नव्हता तो यंत्रणा चालवायचा अनुभव. आयझेनहॉवरच्या काळातली समित्यांची उतरंड त्यांना जड वाटली आणि आल्या आल्या त्यांनी ती मोडून काढली. त्या समित्या कंटाळवाण्या असतील, पण ‘हे फसलं तर काय?’ हा प्रश्न कागदावर आणायचं काम त्यांचं होतं. १७ एप्रिल १९६१ ला, पद घेऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, कॅस्ट्रोची सत्ता उलथवायला अमेरिकेने तयार केलेले सुमारे १,४०० निर्वासित क्युबन क्युबाच्या किनाऱ्यावर, बे ऑफ पिग्जला, उतरले. तीन दिवसांत खेळ खलास, हजाराहून जास्त जण कैद. योजना आधीच्या सरकारची होती, पण ती उलटीपालटी करून तपासणारं कुणी उरलं नव्हतं.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, त्या पेचप्रसंगात हेच केनेडी मुद्दाम बैठकीतून उठून जात, म्हणजे लोकांनी मोकळं बोलावं. पहिल्या दिवशी हवाई हल्ल्याकडे कल होता, आठवड्याभरात नाकेबंदी ठरली. मधल्या दीड वर्षात जी भर पडली, तिला अनुभवच म्हणतात.

‘बदल हवा तर अनुभव बघू नका’

मेसेजचा गाभा हाच आणि सगळ्यात जास्त फसलेलाही हाच. वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा घ्या. त्या शतकात याहून मोठे बदल बोटांवर मोजण्याइतके. तो मंजूर करून घेतला केनेडींनंतरचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी, ज्यांची हयात काँग्रेसमध्ये गेली होती आणि सहा वर्षं जे सेनेटमध्ये बहुमताचे नेते होते.

त्यांनी सुरुवात केली भलतीकडूनच. करकपातीचं विधेयक सेनेटच्या अर्थ समितीत अडकलं होतं. नागरी हक्कांचं विधेयक आधी आलं असतं तर विरोधकांनी करकपात ओलीस धरली असती. समितीचे अध्यक्ष बर्ड यांना अंदाजपत्रक १०० अब्ज डॉलरच्या आत हवं होतं. जॉन्सन यांनी ते आत बसवलं आणि २६ फेब्रुवारीला करकपातीवर सही करून ती वाट मोकळी केली. हाऊसमध्ये नियम समितीचे अध्यक्ष स्मिथ विधेयक दाबून बसले होते. तिथे २१८ सह्यांच्या, म्हणजे निम्म्याहून जास्त सदस्यांच्या, अर्जाचा धाक लावून ते समितीबाहेर काढलं. सेनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी लांबलचक भाषणांनी कामकाज रोखून धरलं. ते थांबवायला तेव्हा ६७ मतं लागत आणि स्वपक्षाची पुरणार नव्हती, म्हणून रिपब्लिकन नेते डर्कसन यांना मान देऊन सोबत घेतलं. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी भाषणं थांबली. २ जुलैला सही.

आता जिमी कार्टर. वॉशिंग्टनच्या बाहेरचा स्वच्छ माणूस, दोन्ही सभागृहांत स्वपक्षाचं दणदणीत बहुमत. १९७७ च्या फेब्रुवारीत त्यांनी डझनाहून जास्त पाणीप्रकल्पांचा निधी तोडायचं जाहीर केलं. त्यातले बरेच प्रकल्प वायफळ होते, मुद्दा चूक नव्हता. पण ज्यांच्या मतदारसंघातली धरणं, त्यांनाच आधी विचारलं नाही. स्वतःच्याच पक्षाची माणसं बिथरली. त्यात चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे व्हाइट हाउसच्या कारभाराचा प्रमुख, नेमला थेट १९७९ च्या जुलैत, तोवर प्रत्येक जण परस्पर राष्ट्राध्यक्षांकडे.

जॉन्सन यांची आरती ओवाळायची नाही. व्हिएतनाममध्ये हाच माणूस रुतत गेला, कारण सेनेटची मतं जुळवायचं कसब तिथे उपयोगाचं नव्हतं. कशाचा अनुभव, हे विचारायचं ते यासाठी.

‘ओबामांनी करून दाखवलं’

दहशतवादाच्या संशयितांचा ग्वांटानामो तुरुंग वर्षभरात बंद करायचा हुकूम २२ जानेवारी २००९ चा. तो झाला नाही, कारण कैदी हलवायला काँग्रेसने पैसाच दिला नाही. आरोग्यविम्याचा कायदा झाला, कारण मसुदा काँग्रेसला लिहू दिला. क्लिंटन यांच्या वेळी व्हाइट हाउसने बंद दाराआड लिहिलेला १९९४ मध्ये गुंडाळावा लागला होता. शिवाय बाजूला उपराष्ट्राध्यक्ष बायडन होते, सेनेटमध्ये ३६ वर्षं मुरलेले.

‘बाकीचं सहकारी बघून घेतात’

सहकारी आधी नेमावे लागतात. राजकीय नेमणुका सुमारे ४,०००, त्यातल्या हजाराहून जास्त सेनेटच्या मंजुरीच्या, आणि निकालापासून शपथेपर्यंत हातात जेमतेम अकरा आठवडे. ज्याच्याकडे नावांची यादी तयार नाही, त्याची खाती महिनोन्महिने रिकामी राहतात. आणि असलेल्या लोकांना विचारलं नाही तर काय होतं, ते २७ जानेवारी २०१७ ला दिसलं. सात देशांतल्या लोकांच्या प्रवेशबंदीचा ट्रम्प यांचा हुकूम शुक्रवारी संध्याकाळी निघाला. ग्रीन कार्डवाल्यांना तो लागू की नाही हे विमानतळावरच्या अधिकाऱ्यांनाही कळेना. आठवड्याभरात कोर्टाची स्थगिती आली. सुप्रीम कोर्टात टिकली ती तिसरी आवृत्ती, जून २०१८ मध्ये. हुकूम पटो न पटो, तो घाईत लिहिला गेला होता.

म्हणून तिकडच्या मतदाराने उमेदवाराला विचारावं: तुमचा बदल सहीने होतो की कायद्याने? कायद्याने, तर लांबलचक भाषणं थांबवायला आता लागणारी सेनेटमधली ६० मतं कुठून आणणार? चीफ ऑफ स्टाफ कोण?

राहिलं ते पुणेरी शेपूट. सोसायटीचा अध्यक्ष सभासद थेट निवडतच नाहीत. ते समिती निवडतात आणि समिती आपल्यातून अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरवते. महापौराचीही तीच गत: मुदत अडीच वर्षं, आणि कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे. तेव्हा सोसायटीत नवा चेहरा हवा असेल तर खुशाल आणा. फक्त अर्ज भरताना त्याला एवढं विचारा की बिल्डर कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं) देत नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज कुणाकडे करायचा. ‘जिल्हा उपनिबंधक’ असं उत्तर आलं तर चेहरा नवा की जुना, हे नंतर बघता येईल.