मिसिंग म्हणजे कार्बोरेटरच? पद्मिनीवाल्यांनो, आधी करंट बघा

प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट 1100 वाल्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. माझ्याकडेच तो पाच-सहा जणांकडून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: गाडी मधेच मिसिंग करते, म्हणजे इंजिनचे ठोके चुकून झटके बसतात, आणि पुन्हा नीट चालते, तर नव्वद टक्के दोष कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा. ई20 पेट्रोलमुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, हे होतं. गरम झाल्यावर पेट्रोलची वाफ होते, म्हणून इंजिनजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका. प्लग काढून बॉडीला टेकवा, ठिणगी दिसली की करंटचा विषय संपला. कुठला सिलिंडर मेलाय ते कळायला चालू इंजिनवर एकेक वायर उपटा. आणि कायमचा इलाज म्हणजे पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा.

यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि त्यापायी लोक चांगले चालणारे कार्बोरेटर उघडून बिघडवून ठेवतायत. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तोवर कुठल्याही टॅक्सी स्टँडजवळ या गाडीचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस भेटायचा. आता तो भेटत नाही, म्हणून लोक अशा सल्ल्यावर विसंबतात. त्यांना दोष नाही देत मी, पण सल्ला तरी बरोबर हवा.

आधी त्या नव्वद टक्क्यांचं बघू. हा आकडा कुठून आला ते कुणीच सांगत नाही. मिसिंगची तऱ्हा मात्र बरंच काही सांगते. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमवर सेकंदाला 100 ठिणग्या मागतं. त्यातल्या दहा-वीस गळाल्या की गाडीला खाडकन झटका बसतो आणि पुढच्याच क्षणी ती सुरळीत होते. पेट्रोलचा दोष सहसा असा वागत नाही. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलचा साठा असतो, त्यामुळे पुरवठा कमी पडला तर गाडी हळूहळू ओढ सोडते, दम लागल्यासारखी होते आणि तशीच हळूहळू सावरते. मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा फिरत असेल तर झटके येतात, हे मान्य. पण तेव्हा आयडलिंग बहुतेक नीट असतं, आणि मिसिंग चालू असताना चोक थोडा ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं आणि गाडी लगेच सुधारते. ही चाचणी फुकट आहे. चोक ओढून काडीचाही फरक पडला नाही, तर कार्बोरेटरला हात लावू नका.

ई20 चा मुद्दा अगदीच खोटा नाही. जुने रबरी पाइप, डायफ्रॅम आणि गॅस्केट इथेनॉलने खराब होतात, ते बदलायलाच हवेत. मिश्रणही पातळ होतं: साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, ई20 ला साधारण 13.5 पट, आणि कार्बोरेटर हा हिशेब आपणहून जुळवून घेत नाही. पण इथेनॉल टाकीतल्या प्रत्येक थेंबात आहे. त्याचा त्रास असेल तर तो सतत जाणवेल. वीस मिनिटं गाडी लोण्यासारखी आणि मग पाच सेकंद झटके, हे त्याने होत नाही. वाफेचंही तसंच. वाफ धरली की गाडी उपाशी पडून बंद होते आणि थंड होईपर्यंत सुरू व्हायला त्रास देते.

आता ठिणगीची चाचणी. माझा सगळ्यात जास्त राग या मुद्द्यावर आहे, कारण तीन महिने आम्ही याच्यावरच फसलो.

बाबांची पद्मिनी 1984 ची. थंड असताना उत्तम, पण पाऊण तास चालवल्यावर, विशेषतः घाटात, झटके. तीन गॅरेज झाली. तिन्ही ठिकाणी प्लग काढून बॉडीला टेकवला, ठिणगी दिसली आणि "करंट ओके आहे, कार्बोरेटर खोला" असा निकाल लागला. पण बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं गेलं की त्याच फटीतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. शिवाय ही चाचणी उभ्या, निवलेल्या गाडीवर होते, आणि दोष असतो धावत्या, तापलेल्या गाडीत.

शेवटी आम्ही साध्या टायमिंग लाइटने शोध घेतला. वायरमधून ठिणगीचा करंट गेला की ही लाइट दर वेळी चमकते. तिची पकड व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलपासून, ते एकेका प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या जाड वायरवर लावली, फॅन-बेल्टपासून लांब ठेवत वायरी बॉनेटच्या फटीतून आत घेतल्या आणि ताई लाइट मांडीवर धरून शेजारी बसली. घाटात झटका आला आणि ती ओरडली, "गेली! लाइट गेली!" मग पकड प्लगच्या वायरीवर लावायची गरजच उरली नाही. कॉइलच्या वायरमध्येच ठिणगी तुटत असेल तर दोष त्याच्या अलीकडे: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, चावीचा स्विच किंवा एखादी सैल वायर. तिथे लाइट सलग आणि प्लगच्या वायरीवर तुटक, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप (झाकण), आतला फिरता रोटर नाहीतर ती वायर. दोन्हीकडे सलग असेल तरच प्लग, पेट्रोल किंवा व्हॉल्व्हकडे वळायचं.

घरी येऊन कॅप उघडली. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा. धातू एका बाजूने उचलून दुसरीकडे साचला होता. ही कंडेन्सरवर संशय घ्यायची खूण, कारण पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणं हेच त्याचं काम. आमच्या गाडीत कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर स्क्रूने बसवलेला आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून त्याच्यावर केस वाळवायचा ड्रायर धरला. चार मिनिटांत गाडी झटके खायला लागली. ओल्या फडक्याने कंडेन्सर थंड केला, गाडी शांत. पुन्हा तापवला, पुन्हा झटके. फडकं पंपावर नाही, इथे कामाला आलं.

पावसाळ्यातच मिसिंग होत असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडून कॅपवर आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. करंट गळत असेल तर निळसर रेघा डोळ्यांनी दिसतात. हात लांब ठेवा.

चालू इंजिनवर वायर उपटू नका, एवढंच सांगतो. शॉक बसतो, कॉइलच्या इन्सुलेशनवर ताण येतो, आणि अधूनमधून मरणारा सिलिंडर नेमका त्या क्षणी जिवंत असतो.

राहिलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. चांगलं किट जरूर बसवा, मी विरोधात नाही. पण ते फक्त पॉइंट आणि बहुधा कंडेन्सरची जागा घेतं. तडकलेली कॅप, जळका रोटर, जुनी वायर, चावीच्या स्विचमधला ढिला कॉन्टॅक्ट, हे सगळं तसंच राहतं. आणि दोष न शोधता किट बसवलं तर पुढच्या वेळी शंका घ्यायला आणखी एक पार्ट वाढतो. आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. बुश झिजून तो खेळत असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक फेरीला बदलतो, मग फिलर गेजने (फट मोजायच्या पत्तीने) कितीही नीट लावा.

आमच्या गाडीत अजून पॉइंटच आहेत. कंडेन्सर आणि पॉइंट नवे टाकले, गॅप लावला, आणि बाबा त्याच आठवड्यात तोच घाट चढून आले. तिन्ही गॅरेजमध्ये मिळून कार्बोरेटर चार वेळा उघडला गेला होता. त्याच्या स्क्रूच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्यायत, आता ते स्क्रू शोधतोय.