वरचं कार्ड तापतं म्हणून ते बिघडलेलं नसतं

दोन ग्राफिक्स कार्डं लावलेल्या गेमिंग पीसीबद्दल एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणं तेच असतं: कार्ड ७० अंशांच्या वर गेलं की जळायला आलं समजा, वरचं कार्ड खालच्यापेक्षा जास्त तापत असेल तर ते फॉल्टी आहे, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे थंड करणाऱ्या धातूच्या पात्यांकडे, नेणारा लेप) बदला नाहीतर विकून टाका, कॅबिनेटचं साइड पॅनल काढूनच ठेवा, बसतील तेवढे फॅन लावा आणि सगळे फुल स्पीडवर सोडा. यावर विश्वास ठेवून लोक धडधाकट कार्डं मातीमोल भावात काढतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरण जीटीएक्स १०८० टीआयच्या जोडीचं, कारण जुन्या एसएलआय (दोन कार्डं जोडून एकत्र चालवायची एनव्हिडियाची पद्धत) मशीनमध्ये ती अजून दिसते.

आधी ७० अंशांचं बघू. २०१७ साली हे कार्ड आलं तेव्हा एनव्हिडियानंच त्याची कमाल मर्यादा ९१ अंश सेल्सिअस दिली होती. त्याच्या बरंच आधी, ८४ अंशांच्या आसपास, कार्ड स्वतःच क्लॉक (चिपचा वेग) आणि व्होल्टेज उतरवून सावरतं. एएमडीचं २०१३ चं आर९ २९०एक्स तर ९५ अंशांवर चालावं असंच बनवलं होतं. तेव्हा ७५ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. तरीही तापमानाकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही. गरम होत जाईल तसा क्लॉक पायरीपायरीनं खाली येतो, आणि एसएलआयमध्ये दोन्ही कार्डं आळीपाळीनं फ्रेम काढत असल्यामुळे वरचं मंदावलं की खालच्यालाही त्याच्यासाठी थांबावं लागतं. नुकसान होतं ते इथे.

आता सगळ्यात घातक मुद्दा, वरचं कार्ड फॉल्टी असल्याचा. नेहमीच्या टॉवर कॅबिनेटमध्ये कार्डाचे फॅन खाली तोंड करून असतात. खालच्या कार्डाच्या फॅनपुढे मोकळी जागा असते. वरच्याच्या फॅनपुढे असते खालच्या कार्डाची तापलेली पाठ. मदरबोर्डवर शेजारच्या दोन स्लॉटमध्ये २०.३२ मिलिमीटर अंतर असतं. दोन स्लॉट जाडीची कार्डं लागोपाठ बसवली तर मध्ये जेमतेम काही मिलिमीटरची फट उरते, आणि तेवढ्या फटीतून वरच्या कार्डानं श्वास घ्यायचा! एक स्लॉट मोकळा सोडता आला तर तीच फट दोन सेंटिमीटरच्या वर जाते, आणि तो फरक कुठल्याही महागड्या पेस्टपेक्षा मोठा असतो.

खात्री करून घेणं अवघड नाही. तोच गेम, तोच सीन, अर्धा तास. दोन्ही कार्डांचं तापमान जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये बघून लिहून ठेवा. मग मशीन बंद करून, वायर काढून, कार्डांची अदलाबदल करा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. आता वर आलेलं दुसरं कार्ड तापलं, तर दोष जागेचा आहे. वरून खाली आलेलं कार्डच पुन्हा जास्त तापलं, तर मात्र त्याचा फॅन, हीटसिंकमध्ये अडकलेली धूळ आणि शेवटी पेस्ट, या क्रमानं तपासा. अदलाबदल न करता कार्ड विकू नका, एवढी कळकळीची विनंती.

स्लॉट बदलण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उघडा. सगळ्यात खालचा लांब स्लॉट पुष्कळदा चिपसेटवरून (बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून) चार लेनवर (डेटा नेणाऱ्या वाटांवर) चालतो, आणि एनव्हिडियाच्या एसएलआयला प्रत्येक कार्डामागे किमान आठ लेन लागतात.

साइड पॅनलच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. पॅनल काढल्यावर तापमान उतरतं, विशेषतः समोर सबंध काच असलेल्या कॅबिनेटमध्ये. पण त्यातून कळतं ते एवढंच, की पुढून हवा पुरेशी येत नाहीये. ते पॅनल कायमचं उघडं ठेवलं तर फिल्टरला वळसा घालून धूळ थेट हीटसिंकमध्ये जाते आणि काही महिन्यांत कमावलेले अंश परत जातात.

फॅनच्या संख्येपेक्षा त्यांची दिशा महत्त्वाची. छताच्या पुढच्या टोकाला हवा बाहेर फेकणारा फॅन लावला तर समोरून आलेली थंड हवा कार्डांपर्यंत पोचण्याआधीच तो पळवतो. त्यापेक्षा समोर, कार्डांच्या उंचीला, त्या फटीत थेट हवा मारणारा एकच १२० मिमीचा फॅन जास्त उपयोगी पडतो. कार्डाचा प्रकारही बघा: ब्लोअर कार्ड (एकाच फॅनचं, बंद कवचातलं) आवाज करतं, पण गरम हवा मागून बाहेर टाकतं, दोन-तीन फॅनवालं कार्ड तीच हवा कॅबिनेटमध्ये सोडतं. अगदी चिकटून बसवायची असतील तर ब्लोअरच बरं.

मेसेजमध्ये विजेबद्दल एक अक्षर नाही, आणि मुळात उष्णता येते ती तिथूनच. २५० वॉटची दोन कार्डं म्हणजे एका छोट्या डब्यात ५०० वॉट. चिपला लागणारी वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच क्लॉकवर १.०५ ऐवजी ०.९ व्होल्ट दिले तर त्यातला पाव हिस्सा वाचतो. प्रत्येक चिप एवढं खाली जाईलच असं नाही, म्हणून हळूहळू उतरा आणि गेम क्रॅश झाला की एक पायरी वर या. हा खटाटोप नको असेल तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डानं घ्यायच्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम त्या प्रमाणात घटत नाहीत. तिथेच सारख्या कार्डांची सेटिंग एकत्र ठेवणारा पर्याय असतो, तो बंद करा, म्हणजे वरच्या कार्डाला वेगळं फॅन कर्व्ह (किती तापमानाला फॅन किती वेगात फिरेल ते) देता येईल.

खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच कार्डाचंही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच ३८ अंशांवर असते, तिथे पुण्यातल्या मित्राच्या आकड्यांशी तुलना करू नका. उन्हाळ्यात पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर ठेवा, पाऊस सुरू झाला की परत वाढवा.