जागरूक राहून मतदान कसे टाळावे

तरुण मित्रांनो, तुम्ही राजकारणात रस घेऊ लागला आहात याचा आनंद सर्वांनाच झाला आहे. त्यातही ज्यांचे तुमच्या मतावाचून काही अडत नाही, त्यांना तो अंमळ अधिकच झाला आहे. तुम्ही वाद घालता, घोषणा देता, रात्री दोन वाजता कुणा अनोळखी माणसाला राज्यघटना समजावून सांगता. हे सारे उत्तम आहे. फक्त हा उत्साह मतदान केंद्रापर्यंत पोहोचू नये, यासाठी थोडी शिस्त लागते आणि ती वेळीच अंगी बाणवलेली बरी.

पहिली खबरदारी मतदार यादीची. यादी निवडणुकीच्या दिवशी तयार होत नसते, ही गोष्ट नेमकी त्याच दिवशी लक्षात यावी, अशी व्यवस्था ठेवा. पूर्वी हे सोपे होते. भारतात पात्रतेसाठी १ जानेवारी ही वर्षातून एकच तारीख धरली जात असल्यामुळे, २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर पुरेल इतके निमित्त आयतेच मिळे. २०२२ पासून मात्र जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात, शिवाय सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. तरी खचून जाऊ नका. शिक्षणासाठी घर सोडले असेल, तर नाव जुन्या पत्त्यावर आणि तुम्ही नव्या पत्त्यावर, ही स्थिती पाच-सहा वर्षे सहज टिकवता येते. मलेशियातील तरुणांची मात्र कीव येते. तिथे २०१९ च्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणताना नावही आपोआप यादीत घालण्याची सोय करून ठेवल्यामुळे, अर्ज न भरण्याचे सुख त्यांच्या नशिबी उरलेले नाही.

हा अधिकार तुम्हाला कसा मिळाला, याच्या खोलात शिरू नये. अमेरिकेत अठरा वर्षांच्या मुलांना व्हिएतनामच्या युद्धावर पाठवता येत होते, पण त्यांना पाठवणारे कोण असावेत हे ठरवण्यासाठी बहुतेक राज्यांत त्यांना एकविशी गाठावी लागे. एवढी विसंगती डोळ्यांवर आल्यानंतर कुठे १९७१ मध्ये २६वी घटनादुरुस्ती झाली. भारतात अठराव्या वर्षीचे मत ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये आले. ऑस्ट्रियाने तर २००७ मध्ये हे वय सोळावर आणले. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत होते. दोनच वर्षांनी युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही, हे ब्रिटनने ठरवले तेव्हा त्याच वयाच्या मुलांना वगळले गेले. त्या निर्णयासोबत सर्वाधिक वर्षे काढायची होती ती त्यांनाच. त्यांना बोलावले नव्हते म्हणून ते गेले नाहीत. तुम्हाला बोलावलेले असूनही जायचे नाही, यात कौशल्य अधिक आहे.

उमेदवारांच्या बाबतीत आपला मापदंड उंच ठेवा. जो निष्कलंक, विद्वान, निःस्वार्थी आणि प्रत्येक प्रश्नावर तंतोतंत तुमच्याच मताचा असेल, त्यालाच मत द्यायचे असे एकदा ठरवले की पुढची पन्नास वर्षे निश्चिंत जातात. कोणी ‘नोटा’ सुचवील. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे ती सोय भारतात झाली हे खरे, पण तिच्यात एक मूलभूत दोष आहे: ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे सांगण्यासाठीसुद्धा रांगेत उभे राहावे लागते.

‘माझ्या एका मताने काय फरक पडणार’ हे वाक्य जिभेवर असू द्या, मात्र ते वापरताना श्रोता पारखून घ्या. राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात २००८ मध्ये मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीतील सी. पी. जोशी एका मताने पडले होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०१७ मध्ये एका जागेवर दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मते पडली आणि अखेर एका भांड्यातून चिठ्ठी काढून आमदार ठरवावा लागला. असे प्रसंग विरळाच घडतात, हे मान्य. तुमचा युक्तिवाद त्यामुळे कोसळत नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याकडे जाणकारांचेही फारसे लक्ष जात नाही. तुम्ही मत कोणाला दिले हे गुप्त असते. दिले की नाही, हे गुप्त नसते. भारतातील मतदान केंद्रात पहिला अधिकारी तुमचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, आणि समोर बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत त्या नावावर खूण करतात. दुपारनंतर त्या यादीवरून बोट फिरते आणि कोणाच्या घरी माणूस पाठवायचा ते ठरते. ब्रिटनमध्ये कोणी मतदान केले याच्या खुणा केलेली यादी पक्षांना नंतर मागवून घेता येते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कोणत्या निवडणुकीला कोण आले होते याची नोंद उपलब्ध असते. वर्षानुवर्षे ज्यांच्या नावापुढे खूण पडते, त्यांच्या निवृत्तिवेतनाला हात लावण्याआधी सरकारे दहा वेळा विचार करतात. वसतिगृह, शिष्यवृत्ती, रखडलेली भरती परीक्षा यांच्याबाबत इतका विचार करण्याचे कष्ट त्यांना पडू नयेत, ही जबाबदारी तुमची आहे. तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात, हा प्रश्न तिथे फार पुढचा असतो. खूण एकदा पडली की दोन्ही बाजूंचे लोक तुम्हाला गिऱ्हाईक समजू लागतात, तुमचे म्हणणे विचारतात आणि त्यातले एखादे चुकून जाहीरनाम्यातही घालतात.

तेव्हा आपल्या नावापुढची जागा कोरी ठेवा. प्रचाराच्या दिवसांत कोणी दार वाजवणार नाही, आश्वासने देऊन कोणी तुमचा वेळ खाणार नाही. पुढे कधी काही काम घेऊन लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात जाण्याची वेळ आलीच, तर आपले नाव जरा सावकाश आणि स्पष्ट उच्चारा. तिथे ते कोणाच्या कानावरून गेलेले नसेल.