डोळा दुखत नाही, म्हणून उद्यावर ढकलू नका

एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, पण डोळा दुखत नाही, लालही नाही. मग माणूस काय करतो? चष्म्याचा नंबर वाढला असेल किंवा मोतीबिंदू असेल म्हणून सवडीने अपॉइंटमेंट घेतो. मोतीबिंदू असा बसल्याबसल्या येत नाही. डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, दुखणं कळतच नाही, त्यामुळे त्याची रक्तवाहिनी बंद पडली तरी कळ येत नाही.

मुख्य धमनी बंद पडली तर तो स्ट्रोकच आहे, फक्त मेंदूऐवजी डोळ्यात. गुठळी बहुतेकदा मानेच्या कॅरोटिड धमनीतून किंवा हृदयातून आलेली असते. रक्त पूर्ण थांबलं तर सुमारे ४ तासांत पडद्याचं कायमचं नुकसान होतं. म्हणून चष्म्याच्या दुकानात नाही, स्ट्रोकचे उपचार होतात त्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं आणि नेमकं किती वाजता दिसेनासं झालं ते सांगायचं. गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही हे त्या वेळेवर ठरतं. ते डोळ्यासाठी किती उपयोगी, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. पण मेंदूचा एमआरआय, कॅरोटिड डॉपलर (मानेच्या धमनीची सोनोग्राफी) आणि ईसीजी तातडीने झालेच पाहिजेत, कारण पुढचे काही दिवस मेंदूच्या स्ट्रोकचा धोका सर्वात जास्त असतो. काही मिनिटं अंधारी येऊन पुन्हा दिसू लागलं, तरी हेच करायचं.

वय ५०च्या पुढे असेल आणि सोबत कानशील ठणकत असेल, घास चावताना जबडा दुखत असेल, तर ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या लगेच. हा धमनीच्या सुजेचा आजार असू शकतो. त्यात बायोप्सीची (धमनीचा तुकडा काढून तपासण्याची) वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात, नाहीतर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

शीर, म्हणजे पडद्यातून रक्त परत नेणारी वाहिनी, बंद पडण्याचं प्रमाण धमनीपेक्षा बरंच जास्त. पडद्यावर धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचं बाहेरचं आवरण एकच असतं. बीपीने कडक झालेली धमनी खालची शीर दाबते, रक्त तुंबतं आणि पडद्याच्या मधल्या भागाला सूज येते. ती ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या स्कॅनवर, दिसते. उपाय म्हणजे डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन, सुरुवातीला साधारण महिन्याला एक.

खरा घोळ इथेच होतो. दोन-तीन इंजेक्शनांनी नजर सुधारते आणि पेशंट यायचा बंद होतो. इंजेक्शनने शीर उघडत नाही हो! ते फक्त सूज आणणारं रसायन (व्हीईजीएफ) अडवतं. रक्ताविना उपाशी पडदा ते रसायन बनवतच राहतो, औषध ओसरलं की पाणी पुन्हा भरतं. दरवेळच्या सुजेत पेशी मरतात, मग ओसीटी कोरडा आला तरी अक्षर लागत नाही. पुढचं इंजेक्शन लांबवायचं असेल तर ते ओसीटी बघून डॉक्टरांना ठरवू द्या.

मुख्य शीर बंद असेल आणि पडद्याचा मोठा भाग उपाशी असेल, तर पहिल्या काही महिन्यांत बुबुळावर (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यावर) नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून काचबिंदू होऊ शकतो, आणि हा मात्र भयंकर दुखतो. त्यासाठी दर भेटीत बुबुळ तपासून घ्या, तेही बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी. थेंब घातल्यावर बुबुळ आकसतं आणि कडेच्या बारीक वाहिन्या नजरेतून सुटतात.