मनगट, कोपर, खांदा

माझी सासुरवाडी कुडाळ तालुक्यात आणि माझा पेशा लेखापरीक्षकाचा. या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटणं कठीण, हे लग्न ठरवताना कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पत्रिका जुळली होती, मग बाकीचं कोण बघतो!

मिरग लागून दोन-तीन दणदणीत पाऊस झाले की व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लाल पाणी येतं आणि नदीतले मासे प्रवाहाच्या उलटे वर निघतात. पार भाताच्या मळ्यांपर्यंत. अंडी घालायला. हे चढणीचे मासे. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, बाजारात मिळतं ते सुकं नाहीतर बर्फातलं. त्यामुळे या आठ-दहा दिवसांत वाडीतला प्रत्येक धडधाकट पुरुष (आणि काही अजिबात धडधाकट नसलेले) रात्री व्हाळात गुडघाभर पाण्यात उभा असतो. मळ्ये, ठिगूर, नशीब जोरावर असेल तर वाम. जोडीला कुर्ल्या, म्हणजे खेकडे. पोटात गाबोळी असलेले मासे असे उपसले तर पुढच्या वर्षी चढणार कोण, असं मी एकदा विचारलं होतं. "तां माशांक विचारा," असं उत्तर मिळालं. उतरणीला लागलेलेच मासे धरावेत असं म्हणणारे एक वयस्कर गृहस्थ वाडीत आहेत. पण ते शाकाहारी असल्यामुळे त्यांचं मत धरत नाहीत.

पण मासे हे निमित्त. खरा हंगाम आमच्या सासऱ्यांच्या पडवीत रंगतो, मिरगापासून चतुर्थीपर्यंत, रोज दिवेलागणीनंतर. त्याला म्हणतात गजाली. कुणी काय धरलं, कुणाचं काय निसटलं, आणि निसटलेलं केवढं होतं. माप दाखवायची पद्धत ठरलेली आहे. उजवा हात पुढे ताणायचा आणि डाव्या तळव्याची कड त्याच्यावर आपटायची. मनगटावर आपटली तर मासा किरकोळ, कोपरावर आपटली तर बरा. खांद्यावर आपटली की समजायचं, हा निसटला.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात धाकट्या मेव्हण्याने एका ठिगुराची हकिकत सांगितली. कड कोपराच्या वर पडली. आदल्या रात्री तो मासा मीच टोपलीतून काढून मोरीवर ठेवला होता, आणि उगाच हौस म्हणून फोटोही काढला होता. शेजारी साबणाची वडी होती. मी अत्यंत निरागसपणे म्हणालो, "वीतभर होता की! थांबा, फोटो आहे."

पडवीत शांतता पसरली. पागोळ्यांचा आवाज एकदम मोठा झाला. कुणीतरी फोटो बघितला, पुढच्याकडे दिला, आणि फोन फिरत फिरत माझ्याकडे परत आला तो एखादं समन्स परत यावं तसा. सासरे फक्त एवढंच म्हणाले, "साबणाच्या वड्ये अलीकडे मोठ्ये येतत."

तरी मी सुधारलो नाही. कारण पुढे मोठे काका होते.

मोठे काका म्हणजे सासऱ्यांचे थोरले बंधू, वय ७८. या घरातली लहान शिकार बाकीच्यांकडे, मोठी शिकार काकांकडे. तरुणपणी ते वडिलांबरोबर पारधीला जात. हाकारे देणारे वीसजण, पुढे कुत्रे, आणि वाटेवर दबा धरून काकांचे वडील, ठासणीची बंदूक घेऊन. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पारध थांबली. "सरकारान शिकार बंद केली," काका सांगतात, "गजाली नाय." शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली ती बंदूक घरात अजून आहे, म्हणजे निवडणूक नसेल तेव्हा आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत काही ना काही लागलेलंच असतं. बंदुकीचं खरं घर ठाण्यातच. इकडे ती सुट्टीला येते.

काकांचा डुक्कर माझ्या लग्नाच्या वर्षी दोन मणांचा होता. पुढच्या पावसाळ्यात तीन मणांचा झाला. जो प्राणी कायदा यायच्या आधीच खाऊन संपलेला आहे, तो दरवर्षी मणभर वाढतो याची माझ्या डोक्यात आपोआप नोंद होत होती. चौथ्या वर्षी काका "पाच मण" म्हणाले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, पाच मण म्हणजे १८५ किलोंच्या वर. तो तुम्ही दोघांनी बांबूला लटकवून डोंगर उतरून आणलात?"

काकांनी पान लावलं, तोंडात घातलं, नीट चघळलं. मग शांतपणे म्हणाले, "जावयबापू, आज रात्री येतास काय कुर्ल्यांक?"

ही शिक्षा आहे हे मला व्हाळात पोचेपर्यंत कळलं नाही.

डोक्याला बॅटरी, कमरेला गोणपाट, पायात मेव्हण्याचे बूट, दोन नंबर मोठे. पाऊस असा की बॅटरीचा उजेड हातभर पुढे जाऊन थांबत होता. कुर्ली कशी धरायची ते मला सगळ्यांनी एकाच वेळी समजावून सांगितलं. मागून यायचं, पाठीवर अंगठा दाबायचा, डेंगे (नांग्या) पोचणार नाहीत असं उचलायचं. तात्त्विकदृष्ट्या मला सगळं पटलं. अडचण एवढीच की कुर्लीचा मागचा भाग कुठला हे रात्री साडेअकराला, मुसळधार पावसात, ती तिरकी पळत असताना ठरवायचं असतं. कुर्ली ज्या दिशेला जाते ती तिची पुढची बाजू नव्हेच, ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

डेंगा तर्जनीत बसला. मी ओरडलो. पुण्यात ऐकू गेलं नसेल, पण गोव्याच्या बाजूला गेलं असावं.

"ओढू नकात! हात पाण्यात घाला, सोडतली ती!"

हा सल्ला बरोबर होता हे मला नंतर कळलं. ओढलं की ती आणखी आवळते, पाण्यात मोकळं सोडलं की निघून जाते. मी अर्थातच ओढलं. हात झटकला, पाय मोठ्या बुटात राहिला, बूट चिखलात राहिला आणि मी पाठीवर पडलो. पाणी मांडीएवढंच होतं, पण आडव्या माणसाला तेवढं पुरतं. मेव्हण्याने शर्टाला धरून काठावर काढलं तेव्हा कुर्ली गेली होती. डेंगा बोटालाच होता. जीव वाचवायला कुर्ली स्वतःचा डेंगा तोडून देते. तो पुढे कात टाकताना परत येतो. मला तशी सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवी भरलेली. बोटाला हळद आणि फडकं लावून मी कोपऱ्यात बसलो होतो. काकांनी पान लावलं आणि सुरुवात केली. "काल जावयबापूंका..."

खरं सांगतो, इतकी सुंदर गजाल मी ऐकली नव्हती. पाणी छातीएवढं होतं. कुर्ली दगडासारखी दिसत होती म्हणून मी तिच्यावर बसलो होतो. मेव्हण्याने मला शर्टाला धरून नव्हे, केसांना धरून ओढलं होतं, आणि माझ्या केसांची सध्याची परिस्थिती हा त्याचा पुरावा होता. मी तोंड उघडलं तर बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून असं पाहिलं की मी ते मिटलं. कुर्ल्यांचा सांबारा त्या रात्री मला पहिल्यांदा वाढला गेला, आणि तोही डेंग्यांसकट. वाडीतला प्रत्येकजण जाताना माझ्या बोटाची चौकशी करून गेला. चार वर्षांत मला एवढा मान मिळाला नव्हता.

यंदा चतुर्थीला गेलो होतो. मुंबईहून आलेली पोरं पडवीत होती. त्यातला एक सात-आठ वर्षांचा माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघत राहिला आणि मग माझ्या बायकोला म्हणाला, "आत्ये, कुर्लेन व्हाळात ओढून नेल्यान ते हेच काय गो?"

"हेच," ती म्हणाली आणि मोदकांच्या मागे लागली.

"केदी होती कुर्ली?"

मी पेशाला जागलो. वाटीएवढी, असं सांगितलं. पाणी मांडीएवढं होतं, तेही सांगितलं. बोट दाखवलं, त्यावर आता काहीच दिसत नाही. तो माझ्या बोटाकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि उठून काकांकडे गेला.

"आजोबा, तेंका कायच आठवणा नाय."

"भियाल्ले ना," काका चुना लावता लावता म्हणाले, "असा होता माणसाचा."